प्रमुख पाहुणे इंग्रज नाहीत

आपल्याला कुणी इंग्रज म्हणू नये, एवढी एकच त्या म्हातारबुवांची मागणी होती. विमानतळावर सामानाची ढकलगाडी माझ्या हाती सोपवता सोपवता त्यांनी ती पहिल्यांदा सांगितली. "मी वेल्श आहे. बाकी मला काहीही म्हणा." मी म्हटलं, हो हो, नक्की. मनात म्हटलं, यात काय मोठंसं? माणूस जो आहे ते त्याला म्हणायचं, याला काही खर्च येत नाही. पण सगळ्यात सोपी गोष्टच सगळ्यात आधी नासते, आणि ती नासवायला अडाणी माणसं लागत नाहीत. चांगली शिकलीसवरलेली, सूटबूट घातलेली माणसं पुरतात. त्या आठवड्यात माझी जी चिडचिड झाली ती अजून पुरती उतरलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

म्हातारबुवा लॉर्ड होते, खरेखुरे. वेल्समधल्या डोंगरात पिढीजात घर आणि आजोबांच्या पाटीच्या दगडाच्या खाणी. हे स्वतः तरुणपणी राजकारणात पडले. लंडनच्या वरच्या सभागृहात वडिलांच्या जागेवर बसले, पक्ष दोनदा बदलला (आपल्याकडे यावर कुणी मानसुद्धा वळवणार नाही, तिकडे म्हणे चुलत भावांनी बोलणं टाकलं), एका सरकारात धाकटे मंत्री झाले, आणि वंशपरंपरेने मिळणाऱ्या जागा गेल्या तेव्हा घरी परतले. घरी येऊन त्यांनी काय केलं, तर चित्रं विकत घेतली, कवी पोसले, घोड्यांच्या तबेल्यात चित्रकारांना राहायला जागा दिली, आणि स्वतःच्या घराचं छप्पर मात्र गळत ठेवलं. ज्यांच्या खाणीच्या दगडाने लोकांची घरं शाकारली त्यांच्याच घरात पाऊस, हे ते स्वतःच हसत सांगायचे. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण त्यांचा परिचय लिहिणं हे माझं काम होतं.

तोक्योतल्या एका लहानशा खाजगी कलासंग्रहालयात मी अरुबाइतो करते, म्हणजे अर्धवेळ नोकरी. नवऱ्याच्या बँकेने त्याला इथे धाडलं, त्याच्यामागे मी आले, आणि पहिला काळ कुठला कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे शिकण्यात घालवल्यावर मला कळलं की इथे इंग्रजी येणाऱ्या बाईला काम मिळतं. भारतीय म्हणजे इंग्रजी आणि गणित येणारच, असा इथे समज आहे. गणितात मी दहावीला रडतखडत पास झालेली. पण इंग्रजी ठीक आहे, आणि दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा उपजत गुण आहे. चित्रांखालच्या पाट्या, पत्रकं, पत्रं, सगळं माझ्या हाताखालून जातं. नवरा म्हणतो, तू पोळीचंही प्रूफ तपासशील.

तर या लॉर्डांच्या संग्रहातली चित्रं आमच्याकडे प्रदर्शनाला यायची होती. खाणकामगारांची चित्रं. करडे डोंगर, करडी माणसं, धुळीने माखलेले चेहरे. मी त्यांच्या आयुष्याचा छोटा मजकूर तयार केला आणि आमच्या काचोंपुढे, म्हणजे विभागप्रमुखांपुढे ठेवला. पहिल्याच ओळीत 'वेल्स' होतं. काचो बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. मग त्यांनी अतिशय अदबीने विचारलं, "कुजिरा?"

कुजिरा म्हणजे देवमासा. त्यांना वाटलं मी इंग्रजीत देवमाशांबद्दल, म्हणजे 'व्हेल्स'बद्दल लिहिलं आहे आणि माझं स्पेलिंग चुकलं आहे. मी नकाशा काढून दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि मजकुरात तो शब्द खोडून 'इगिरिसु' लिहिलं. जपानीत तो सगळा देश एकच, इगिरिसु. स्कॉटिश असा, वेल्श असा, आयर्लंडच्या वरच्या तुकड्यातले असा, तुम्ही इगिरिसु. मी म्हटलं, पाहुण्यांना हे चालणार नाही. काचो म्हणाले की वेल्स कुणाला माहीत नाही, इगिरिसु म्हटलं की बायका तिकीट काढतात. बागा, चहा, सरदार घराणी. आणि खरोखरच पोस्टर छापून आलं तेव्हा त्यावर एका कोपऱ्यात फुलाफुलांचा चहाचा कप होता. खाणकामगारांच्या प्रदर्शनाला. मी तो कप काढायला सांगितला, तेव्हा "विचार करू" असं उत्तर आलं. इथे विचार करू म्हणजे नाही, हे समजायला मला जेवढी वर्षं लागली तेवढ्यात माणूस डॉक्टर होतो.

चीड यायला लागली की मी शब्दांच्या मुळाशी जाते, ती माझी जुनी खोड. तेव्हा मला सापडलं की इगिरिसु हा शब्द जपानात पोर्तुगीजांनी आणला. आणि आपला 'इंग्रज'? तोही पोर्तुगीजांचाच. म्हणजे ती माणसं जहाजं घेऊन आली आणि जाता जाता दोन्ही बंदरांत एकच शब्द टाकून गेली. ही मौज मी म्हातारबुवांना विमानतळावरून येताना सांगितली. त्यांना ती फार आवडली. ते म्हणाले, "म्हणजे मला पोर्तुगीजांशी भांडायला हवं."

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी मोठ्या उत्साहाने पुढे म्हणाले, "आमच्या मुंबईत तुमच्या वेल्सच्या राजपुत्राच्या नावाचं म्युझियम होतं. माझे वडील अजून तेच नाव घेतात." मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो आमचा राजपुत्र नाही. इंग्लंडच्या राजाच्या थोरल्या मुलाला ते नाव देतात. आमचा होता त्याला मारलं, आणि नाव ठेवून घेतलं." मी कपाळावर हात मारला. गव्हर्नरच्या पोराला पेशवा म्हणावं आणि मग पुण्याच्या माणसाचं त्याबद्दल अभिनंदन करावं, तसलं काहीतरी मी करून बसले होते. मग ठरवलं की या माणसाला आता वेल्शशिवाय काही म्हणायचं नाही.

पण माणूस सोपा नव्हता, हेही सांगायला हवं. खोलीत शिरले की ते कोट काढायचे आणि न बघता हात मागे करायचे. पिढ्यानपिढ्या मागे कुणीतरी कोट धरायला असलं की असं होत असावं. तो कोट माझ्या हातात यायचा. भर संग्रहालयात मी एका हातात फाइली आणि दुसऱ्या हातात सरदारांचा ओला कोट घेऊन उभी. भेटेल त्याच्याशी हस्तांदोलन, ही राजकारणातली सवय. रक्षकाशी, झाडूवाल्या बाईंशी, बंद पडलेल्या सरकत्या जिन्याच्या मेकॅनिकशी. बिचारे जपानी लोक वाकायला जायचे, यांचा हात त्यांच्या कपाळावर आदळायचा. आणि वर बारीकसारीक सगळं विचारायचे. पोस्टरवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "यातला माझ्याबद्दलचा शब्द कुठला?" मी दाखवला. "आणि याचा अर्थ?" आता खोटं कसं बोलणार.

उद्घाटनाला काचोंनी भाषण केलं. इगिरिसु, इगिरिसु, इगिरिसु. म्हातारबुवा शेजारी उभे राहून हसत होते, जन्मभर समारंभांत उभं राहिलेला माणूस हसतो तसे. कार्यक्रम संपल्यावर मात्र ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "घरी मला इंग्रज म्हणतात, कारण माझे उच्चार तसे आहेत. बाहेर म्हणतात, कारण बाहेरच्यांना फरक ठाऊक नाही. मी आता फार दिवसांचा नाही. एकदा तरी, चारचौघांत, उभं राहून कुणीतरी मला वेल्श म्हणावं." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी त्यांचा कोट घेतला.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती. मंडळाचे अध्यक्ष नवऱ्याच्याच बँकेतले, त्याच्याहून वरिष्ठ. त्यांना कुठूनतरी कळलं की वहिनींकडे एक लॉर्ड आहे. फोन आला.

"वहिनी, या वेळी चीफ गेस्ट म्हणून त्यांनाच बोलवू. लॉर्ड म्हणजे काय, एकदम टॉप क्लास प्रोग्रॅम होईल."

"ते यायला तयार होतील, पण एक आहे. ते वेल्श आहेत. त्यांना इंग्रज म्हटलेलं चालत नाही."

"वेल्स म्हणजे इंग्लंडच ना? आपलं कोकण जसं महाराष्ट्रात."

नवरा रत्नागिरीचा. तो शेजारी बसून ऐकत होता. तो म्हणाला, "त्यांना म्हणावं, मला कुणी पुणेकर म्हटलं तर मीही जेवण टाकीन." मी अध्यक्षांना निक्षून सांगितलं की पाहुण्यांचा परिचय मी स्वतः लिहीन आणि मी स्वतः वाचीन. दुसऱ्या कुणी माइकला हात लावायचा नाही. ते म्हणाले, "तुम्हीच, वहिनी, तुम्हीच. डन." मला त्या 'डन'चीच धास्ती वाटली होती.

आता परिचय म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. पाहुणा स्टेजवर बसलेला असतो आणि त्याच्या तोंडावर त्याचं आयुष्य त्याला वाचून दाखवतात. कुठे जन्म, काय शिक्षण, कोणती पदं. पाहुणा मान खाली घालून बसतो, जणू काही हे सगळं तो पहिल्यांदाच ऐकतोय. म्हातारबुवांना ही पद्धत मी समजावून सांगितली तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "माझं आयुष्य? मोठ्याने? आणि तुम्ही वाचणार?" मी म्हटलं, मीच वाचणार, आणि पहिलाच शब्द वेल्श असेल. त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला.

कार्यक्रमाच्या आधी ते आमच्या घरी जेवायला आले. खरी माणसं कुठे राहतात ते बघायचं होतं त्यांना, म्हणजे पुन्हा राजकारण्याची सवय. मी त्यांना तोझाई लाइनच्या मेट्रोने आमच्या ग्योतोकुला आणलं. इमारतीच्या खाली व्यवस्थापक आजोबा कुणीतरी चुकीच्या दिवशी ठेवलेल्या बाटल्यांकडे रागाने बघत उभे होते, त्यांच्याशीही हस्तांदोलन झालं. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. साधंच केलं होतं. म्हातारबुवा वरणाला सूप समजून वाटीने प्यायले आणि दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा नवरा त्यांच्यावर खूश झाला.

आमची मुलगी समोर बसली होती. मी तिला म्हटलं, "पाहुण्यांना पाणी दे गं." ती म्हणाली, "हाई हाई," म्हणजे हो हो, आणि मग जपानीतच, की ग्लास कुठला देऊ. मी मराठीत सांगितलं, तिने जपानीत उत्तर दिलं. असं आमच्याकडे वर्षभर चाललं होतं, आणि त्याचं कारण हेच मंडळ. मागच्या दिवाळीत मुलांना स्टेजवर बोलावून सुट्टीत काय केलं ते मराठीत सांगायला लावलं होतं. ही माइकपाशी गेली आणि म्हणाली, "मी आजी आणि लाडू खाल्ला." जपानीत 'आणि'ला आणि 'बरोबर'ला एकच शब्द आहे, 'तो'. तिच्या डोक्यात आजीबरोबर होतं, तोंडातून आजीच गेली. हॉल हसून हसून लोळला. निवेदिकेने ते वाक्य माइकवर पुन्हा म्हटलं, आजीला खाल्लंस होय गं, म्हणून. मी पहिल्या रांगेतून तिथल्या तिथे सांगितलं, "आजीबरोबर म्हणायचं, बाळा." त्या दिवसापासून ती घरात मराठी बोलली नाही. सगळं कळतं, एक शब्द बोलत नाही. समजावून झालं, लाच देऊन झाली, रागावून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हातारबुवांनी ते पाणी देणं-घेणं नीट बघितलं आणि मला विचारलं, "ती तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलत नाही?" मी म्हटलं, कळतं सगळं, बोलत नाही. ते म्हणाले, "माझी दाई होती. तिला इंग्रजी धड येत नव्हतं. ती माझ्याशी वेल्श बोलायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचो. मलाही सगळं कळायचं. आमच्या घरात ती भाषा जिन्याच्या खाली बोलत, नोकरचाकर आणि खाणीतली माणसं. वर आलं की इंग्रजी. मग मला बोर्डिंगात पाठवलं आणि ती गेली."

"दाई?"

"दोघी. दाई आणि भाषा. चाळिशीत शिकवणी लावून शिकलो. फार अवघड. त्या भाषेत शब्दाचं पहिलं अक्षरच मधूनमधून बदलतं."

मुलगी इतका वेळ भात चिवडत होती. तिने एकदम इंग्रजीत विचारलं, "तुम्ही चुकता का?"

"नेहमी."

"लोक हसतात?"

"नाही, आमचे लोक सभ्य आहेत. मी चुकलो की माझे कवी छताकडे बघतात. जेवण माझं, दारू माझी, छतही माझंच. म्हणून मी तिथे बोलतच नाही. सभागृहात जन्मभर त्या भाषेसाठी भांडलो, पण इंग्रजीत." यावर ते स्वतःच हसले. मला हसू येईना. एवढं आयुष्य, एवढे कवी, एवढी चित्रं, आणि माणूस स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर तोंड उघडत नाही. मला त्या छताकडे बघणाऱ्या कवींचा इतका राग आला की मी कोशिंबिरीचं भांडं जरा आपटूनच ठेवलं. मुलगी मात्र त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी तिला त्यांच्या भाषेतला एक उच्चार शिकवला, जीभ वर लावून दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. मी त्यांना आपला 'ळ' म्हणून दाखवला. त्यांना तो जमला नाही आणि आम्हाला त्यांचा जमला नाही. घरभर फुसफुस चालली होती.

कार्यक्रम एदोगावातल्या वॉर्डाच्या हॉलमध्ये होता. तिथे आग चालत नाही, त्यामुळे दीपप्रज्वलन बॅटरीच्या पणत्यांनी झालं. अध्यक्षांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या. हॉलचे जपानी व्यवस्थापक दाराशी घड्याळ बघत उभे होते, कारण दिलेल्या वेळेत हॉल रिकामा व्हायला हवा आणि कचरा घरी न्यायला हवा. म्हातारबुवा स्टेजवर मधल्या खुर्चीत. मी बाजूला, त्यांच्या इंग्रजी भाषणाचा अनुवाद करायला. परिचयाचा कागद माझ्या हातात. निवेदिकेने म्हटलं, "आता प्रमुख पाहुण्यांचा परिचय," मी उठले, आणि माझ्याआधी अध्यक्ष उठले.

"वहिनी, दोनच मिनिटं," असं म्हणून त्यांनी माइक घेतला. मग काय विचारता. "ज्या साहेबाने आपल्यावर राज्य केलं, त्या साहेबाच्या देशातले खरेखुरे लॉर्ड आज आपल्यामध्ये बसलेत. आणि इंग्रज असूनही माणूस किती साधा! वहिनींच्या घरी वरणभात जेवले. इंग्रज माणूस वरण प्यायला, बोला!" टाळ्यांचा कडकडाट. दोन मिनिटांची बरीच मिनिटं झाली. मग शाल पांघरली, श्रीफळ दिलं, आणि वेळ नाही म्हणून परिचय राहू दे असं त्यांनी माझ्याकडे बघून हाताने खुणावलं. तो नारळ अध्यक्षांच्या डोक्यात घालावा असं मला मनापासून वाटलं.

म्हातारबुवा माझ्याकडे झुकले. "पोर्तुगीजांचा शब्द आला का?"

तो शब्द मीच त्यांना मौजेने शिकवला होता. मी म्हटलं, "आला." त्यांनी मान हलवली. चेहरा पडलेला नव्हता, उलट सवयीचा होता, आणि तेच मला सहन होईना. एकदा, चारचौघांत, एवढंच तर मागितलं होतं.

ते उठले. अंगावर शाल, हातात नारळ, कारण तो कुठे ठेवायचा ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि या वेळी मागे धरायला कुणी नव्हतं. ते माइकपाशी गेले, हॉलवरून नजर फिरवली आणि बोलायला लागले. पहिली दोन वाक्यं मला वाटलं, माझेच कान गेले. मग ती फुसफुस ऐकू आली, जीभ वर लावून बाजूने हवा सोडलेली. ते वेल्श बोलत होते.

त्यांचं इंग्रजी मी आठवडाभर ऐकलं होतं, गुळगुळीत, सभागृहात घासून घासून झालेलं. हे तसं नव्हतं. अडखळत होतं. मध्येच थांबायचे, शब्द शोधायचे, सापडला की नारळ जरा वर उचलायचे. एकदा काहीतरी चुकलं असावं, कारण ते स्वतःशीच हसले आणि तेच पुन्हा म्हणाले. सगळा हॉल तोंडाकडे बघत होता. कुणी छताकडे बघत नव्हतं. बघणार कसे? चूक काढायची तर आधी भाषा यायला हवी. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी तर मध्येच मनापासून "वा" म्हटलं. म्हातारबुवांना ते कळलं, ते त्यांच्याकडे वळले आणि पुढचं सगळं त्यांनाच सांगितलं. मला वाटतं दाईबद्दल होतं. आवाज तसा झाला होता.

ते थांबले. टाळ्या पडल्या. आणि मग सगळा हॉल माझ्याकडे वळला, कारण अनुवाद माझ्याकडे होता. अध्यक्ष मोठ्या अपेक्षेने बघत होते. मी माइक हातात घेतला.

"प्रमुख पाहुणे इंग्रज नाहीत," मी म्हणाले. "ते वेल्श आहेत. ते आत्ता वेल्श भाषेत बोलले. ती मला येत नाही, त्यामुळे तुम्हाला जेवढं कळलं तेवढंच मला कळलं. त्यांचा परिचय वाचायचा राहिला होता, तो आता वाचते." आणि मी वाचला. डोंगर, खाणी, बदललेले पक्ष, तबेल्यातले चित्रकार, गळकं छप्पर, सगळं. दाराशी व्यवस्थापक घड्याळावर बोट आपटत होते. अध्यक्षांनी दोनदा खाकरून बघितलं. मी थांबले नाही. म्हातारबुवा खुर्चीवर मान खाली घालून बसले होते, परिचयाच्या वेळी बसतात तसे. 'वेल्श' हा शब्द आला की तेवढा त्यांना कळत होता.

खाली उतरल्यावर त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि विचारलं, "कसं झालं?"

"मला काहीच समजलं नाही."

"उत्तम," ते म्हणाले. "मी किती चुकलो, तुम्हाला कल्पना नाही. आणि कुणीही पकडलं नाही." एवढा आनंदी चेहरा मी त्या आठवड्यात पाहिला नव्हता.

त्यांना हॉटेलच्या गाडीत बसवलं आणि आम्ही ग्योतोकुच्या गाडीत बसलो. हातात कचऱ्याच्या पिशव्या, मांडीवर नारळ. मी नवऱ्यापाशी अध्यक्षांच्या नावाने बोटं मोडत होते. वरण प्यायला, बोला म्हणे. कोकण म्हणे. नवरा हं हं करत होता, उद्या त्याला त्याच माणसाच्या शेजारी बसायचं होतं. मुलगी दोघांच्या मध्ये. बराच वेळ ती पायाने पिशवी हलवत बसली होती. मग माझ्या बाहीला धरून म्हणाली,

"आई, मला त्या आजोबा आणि अजून बोलायचंय."

मराठीत. वर्षानंतर. माझ्या जिभेवर ते आलंच, आपसूक, जसं नेहमी येतं. आजोबांशी. आजोबांबरोबर. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी तो शब्द गिळला.

"बोलू की," मी म्हणाले. "उद्याच फोन लावू, आणि आजोबा आणि बोलू."